परक्या मातीतील वेल : तंजावरच्या भोसल्यांचा मुदपाकखाना

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी इतिहासविषयक लेख लिहावयाचा असे ठरले, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती मंडळाची पंगत. सभा, ठराव, नाटके आणि व्याख्याने यांचा वृत्तान्त या अंकात अन्यत्र येईलच. तथापि परमुलखात माणसे पन्नास वर्षे एकत्र बांधली गेली, याचे मोठे श्रेय पंगतीकडे जाते, हे कोणीही प्रांजळपणे मान्य करील. आणि प्रत्येक पंगतीत एक तरी वडीलधारी व्यक्ती आमटीचा भुरका घेऊन म्हणतेच, ‘छान झाली आहे, पण आपल्याकडची चव नाही हो!’ या उद्गारात तक्रारीपेक्षा हुरहूर अधिक असते. घर सोडून दूर गेलेल्या माणसाची चव, त्याची भाषा, त्याची रीत कोठवर ‘आपली’ राहते, आणि ती बदलली म्हणजे बिघडली असेच समजावे काय, हा प्रश्न त्या हुरहुरीच्या मुळाशी आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना तंजावरला नेणार आहोत. परंतु त्यापूर्वी, वाट थोडी वाकडी करून, इटलीतील एका द्राक्षमळ्यावरून जावयाचे आहे. सुवर्णमहोत्सवी अंकात मद्याची कथा कशास, असे कोणी विचारील. तिचे प्रयोजन पुढे ध्यानात येईल.

इटलीच्या तोस्काना प्रांतात समुद्रकिनाऱ्याजवळ बोल्गेरी नावाचे गाव आहे. तेथील ‘तेनुता सान ग्विदो’ ही जमीनदारी मारिओ इन्चीसा देल्ला रोक्केत्ता या सरदाराकडे त्याच्या पत्नीच्या घराण्याकडून आली. त्या प्रांताची परंपरा सांज्योवेझे जातीच्या द्राक्षांची. या गृहस्थाने मात्र १९४४ साली तेथील दगडगोट्यांच्या जमिनीत काबेर्ने सोव्हिन्यों ही फ्रान्समधील बोर्दो प्रांताची द्राक्षवेल लावली. आरंभी शेजाऱ्यांना ते मद्य रुचले नाही. हलक्या, ताज्या मद्याची सवय असलेल्या जिभांना ते कडक वाटले. वीस वर्षे ते घरच्या तळघरातच राहिले आणि घरच्यांनीच प्यावे असा क्रम चालला. तथापि जुन्या बाटल्या उघडून पाहता असे आढळले की, काळाबरोबर त्यात काही निराळेच माधुर्य येत आहे. १९६८ सालच्या द्राक्षांचे मद्य प्रथम बाजारात गेले. त्या खडकाळ भूमीवरून त्याला ‘सास्सिकाया’, म्हणजे दगडगोट्यांची जागा, असे नाव मिळाले. पुढे १९७८ साली लंडनमध्ये निरनिराळ्या देशांतील काबेर्ने मद्यांची तुलना करण्यात आली, तेव्हा १९७२ सालच्या सास्सिकायाला पहिला मान मिळाला.

यात मौजेची गोष्ट अशी की, इटलीच्या कायद्याला हे मद्य कोणत्या वर्गात बसवावे हेच उमगेना. वेल परकी, रीत परकी; प्रांताच्या नियमात ते बसत नव्हते. म्हणून जगाने नावाजलेले हे मद्य कागदोपत्री अनेक वर्षे ‘साधे जेवणातले मद्य’ म्हणूनच ओळखले गेले. १९९४ साली बोल्गेरीच्या तांबड्या मद्याला प्रांतिक दर्जा मिळाला, तेव्हा सास्सिकायाच्या कपाळावरचा हा शिक्का पुसला गेला. वेल फ्रान्सची, माती इटलीची. परंतु त्यातून निघालेली चव ना फ्रान्सची, ना जुन्या इटलीची. ती त्या मळ्याची स्वतःची होती.

आता तंजावरकडे वळू. कावेरीच्या मुखाकडील या सुपीक भूमीतही एक परकी वेल रुजली. ती वेल भोसल्यांची.

शहाजीराजे व तुकाबाईसाहेब यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरच्या चाकरीत असता कर्नाटकातून तमिळ देशात उतरले, आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावरचे स्वामी झाले. त्यापूर्वी तेथे तेलुगुभाषक नायक राजांचे राज्य होते. प्रजा तमिळ होती. देवालये चोळांनी बांधलेली होती. अशा तीन थरांच्या भूमीत हे चौथे, मराठी रोप लागले. १६७७ साली शिवछत्रपती कर्नाटकाच्या स्वारीवर गेले असता या सावत्र बंधूंची भेट झाली, वाटणीवरून बेबनाव झाला, लढाईही झाली आणि अखेर तडजोड झाली. त्या तडजोडीत महाराजांनी व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांस बंगळूरकडील मुलूख चोळीबांगडीसाठी दिला, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. राजकारणात शहाणपणाने वागणारी स्त्री म्हणून दीपाबाईंचा लौकिक आहे. परंतु आमच्या आजच्या विषयाशी त्यांचा आणखी एक, कमी परिचित असा, संबंध आहे.

दीपाबाईंच्या आश्रयास रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ नामक ग्रंथ रचला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाचा अभ्यास करून त्याचा काळ १६७५ ते १७०० यांच्या दरम्यानचा ठरविला. धान्ये, कडधान्ये, भाज्या, दूध, दही, पाणी, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष, कोणत्या ऋतूत काय खावे, कसे वाढावे, अशा नाना विषयांचा विचार त्यात आहे. जिलबीसारख्या पदार्थाचे वर्णनही त्यात सापडते आणि त्यावरून खाद्येतिहासाचे अभ्यासक आजही या ग्रंथाकडे वळतात. राज्य स्थापन होऊन पंचवीस वर्षेही झाली नव्हती, चहूबाजूंस मदुरा, म्हैसूर आणि मोगल यांची भीती होती. अशा काळात या राजघराण्याच्या आश्रयाने भोजनाचा ग्रंथ सिद्ध व्हावा, ही गोष्ट आम्हांस किरकोळ वाटत नाही. नव्या भूमीत स्थिरावू पाहणाऱ्या घराला आपण काय खातो हे लिहून ठेवावेसे वाटले, एवढे तरी त्यातून निश्चित दिसते.

येथे वाचकांस एका लोकप्रिय कथेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ती अशी : संभाजीमहाराज तंजावरास पाहुणे आले असता चुलतबंधू शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी कोकम नव्हते, म्हणून कोणी तरी चिंच घालण्याची युक्ती सुचविली, तो प्रकार पाहुण्यांस आवडला आणि त्यांच्या नावावरून त्यास ‘सांबार’ म्हणू लागले. ही कथा महाराष्ट्रात जेवढी सांगितली जाते तेवढीच, किंबहुना त्याहून अधिक आवडीने, तमिळ देशात सांगितली जाते. ऐकावयास ती गोड आहे. परंतु इतिहासाचा लेख म्हटला म्हणजे गोड गोष्टीचीही परीक्षा करावी लागते.

संभाजीमहाराजांची कारकीर्द १६८१ ते १६८९. तंजावरच्या शहाजीराजांची १६८४ ते १७१२. म्हणजे काळ जुळतो. परंतु छत्रपतींच्या अशा तंजावरभेटीचा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. दुसरे असे की, चिंच ही मराठी स्वयंपाकाला अपरिचित नव्हती. कोकम कोकणचे, देशावर मात्र चिंचगुळाची आमटी घरोघर होते, आणि भोसल्यांचे घराणे देशावरचे. तमिळ देशात तर चिंच पूर्वापार आहे. तेव्हा चिंचेचा शोध त्या एका दुपारी लागला असे मानणे कठीण आहे. तिसरे, ‘संभार’ हा शब्द संस्कृतात सामग्री, जमवाजमव या अर्थी आहे आणि त्यापासून मसाल्याच्या वा अनेक जिनसांच्या मिश्रणाला नाव मिळणे स्वाभाविक आहे. आमच्या वऱ्हाडात आजही कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात, हेही या ठिकाणी ध्यानात घ्यावे. राजाच्या नावापर्यंत जाण्याची आवश्यकता मग उरत नाही.

म्हणजे ही कथा टाकून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. ती त्या दुपारची साक्ष देत नसेल. पण दुसऱ्या एका गोष्टीची साक्ष निश्चित देते. सबंध तमिळ देशाच्या पानात रोज असणारा पदार्थ एका मराठी घराण्याच्या स्वयंपाकघरातून आला, असे तमिळ लोकांना सांगावेसे वाटले. जेत्याविषयी असे कोणी आपखुशीने बोलत नाही. घरच्या माणसाविषयी बोलतात. दंतकथेतील इतिहास तो हाच.

हे आपलेपण कसे आले? भोसल्यांनी तंजावरात महाराष्ट्राची नक्कल उभी करण्याचा अट्टहास केला नाही, हे त्याचे पहिले कारण. शहाजीराजांचेच उदाहरण घ्यावे. त्यांनी १६९३ साली तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना इनाम दिले आणि त्याला ‘शाहजीराजपुरम्’ हे नाव मिळाले. त्यांच्या नावावर तेलुगु रचना आहेत; ‘पंचभाषाविलास’ नामक नाटक आहे, ज्यात पात्रे संस्कृत, तमिळ, तेलुगु, मराठी आणि हिंदी अशा भाषा बोलतात; आणि ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटकही आहे. विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते १८४३ साली. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी मराठी नाटक तंजावरच्या वाड्यात लिहिले गेले होते. ते लिहिणारा राजा मराठी विसरला नव्हता, आणि शेजारची भाषाही त्याने परकी मानली नव्हती.

स्वयंपाकघरात हेच घडले. कावेरीच्या पाण्यावरचा भात आला, नारळ आला, कढीपत्ता व हिंगाची फोडणी आली. मराठी घरातील पिठले व डांगर तसेच राहिले, आणि डांगराची ‘पचडी’ म्हणून ते तमिळ पानातही जाऊन बसले. आपली पुरणपोळी तिकडे ‘पोळी’ वा ‘बोळी’ झाली. बासुंदीने नावही बदलले नाही. पाणी तापविण्याचे आपले गंगाळ तमिळ भाषेत ‘गंगाळम्’ झाले. राज्ये जातात तेव्हा बरोबर शिक्के-मोर्तब जातात. असे शब्द मात्र मागे राहतात.

या मुदपाकखान्याची खरी कीर्ती झाली ती दुसरे सरफोजीराजे यांच्या काळात. १७७७ साली जन्मलेले सरफोजी १७८७ मध्ये तुळजाराजांना दत्तक गेले, श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले आणि १७९८ साली गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वाडा आणि ठरावीक तनखा एवढेच उरले. ज्याच्या हातून सत्ता गेली तो मनुष्य एक तर खचतो, नाही तर चैनीत बुडतो. सरफोजींनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी ग्रंथ जमविले, वैद्यकासाठी धन्वंतरी महाल चालविला, देवनागरी टाइपांचा छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक १८०६ साली त्यावर छापविले. बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला तो १८०३ साली. राज्य राखणे हाती नव्हते. स्मृती राखणे हाती होते. त्यांनी ते केले.

त्या स्मृतीत स्वयंपाकही होता. सरफोजींच्या ‘शरभेंद्र’ या नावावरून ओळखले जाणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वतीमहाल ग्रंथालयात जतन झाले आणि ग्रंथालयाने ते छापूनही प्रसिद्ध केले. ब्राह्मणी शाकाहारी पाक, मराठ्यांचे सामिष पदार्थ आणि वाड्यावर येणाऱ्या साहेब पाहुण्यांसाठी इंग्रजी पद्धतीचे पदार्थ, असे तिन्ही प्रकार त्यात येतात. एकाच वाड्यातील या निरनिराळ्या चुलींनी एकमेकींना बाटविले नाही, आणि एकमेकींपासून काही शिकण्यात कमीपणाही मानला नाही. याच ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. वाड्याचा खर्च, देणग्या आणि कारखान्यांचे हिशेब त्यांत आढळतात. साम्राज्याचा इतिहास लिहिणाऱ्यास ते शुष्क वाटतील. घराचा इतिहास शोधणाऱ्यास त्यांच्यासारखे धन नाही.

आणि ही चूल वाड्यापुरती नव्हती. तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी गावे तोडून दिली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी १८०२ साली उभारले. या छत्रांच्या उत्पन्नास बाध येऊ नये म्हणून सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास जे पत्र लिहिले, ते प्रत्येक मराठी माणसाने वाचावे असे आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूस तेथे अन्न मिळे. शिजलेले अन्न न घेणाऱ्यास शिधा मिळे. लहान मुलांस दूध मिळे. आजाऱ्यास औषध व मुलांस शिक्षण मिळे. सास्सिकायाच्या मळ्याला त्याचे मद्य नाव देते. तंजावरच्या या इनाम गावांचे पीक निनावी वाटसरूंच्या पानात जात होते. काशीहून निघून रामेश्वरास जाणारा यात्रेकरू कोणत्या राजाचे अन्न जेवलो हे कदाचित विसरला असेल. परंतु पोटभर जेवलो, हे तो विसरला नसावा.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्याचे नाव व पद बुडाले असे ठरविलेच, शिवाय वाड्यातील खासगी मालमत्तेवरही जप्ती आणली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तेथे त्या जिंकल्या. कंपनीने विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत अपील नेले; १८५९ साली तेथे निकाल फिरला. हे राज्यसंस्थेचे कृत्य असल्याने न्यायालयाचा त्यावर अधिकार चालत नाही, असे ठरले. तथापि पुढे, १८६२ साली, सरकारने ती मालमत्ता राजकुटुंबास परत केली. दीपाबाईंपासून सुरू झालेली कथा अशा रीतीने कामाक्षीबाईंपाशी येऊन थांबते. एकीच्या आश्रयाने घरची चव ग्रंथात उतरली. दुसरीने घराच्या चीजवस्तूंसाठी समुद्रापलीकडील न्यायासनापर्यंत झुंज दिली. सरस्वतीमहालाचा संग्रह १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला. त्यातील मराठी हस्तलिखितांची संख्याच तीन हजारांच्या आसपास आहे.

राज्य गेले, तरी माणसे राहिली. तंजावर, कुंभकोणम् आणि मद्रास येथील कितीतरी घरांतून तीनशे वर्षांनंतरही मराठी बोलली गेली आहे. त्या मराठीत तमिळ शब्द आहेत, तमिळ हेल आहे, आणि पुण्यामुंबईच्या बोलीतून नाहीसे झालेले काही जुने शब्दही आहेत. आपल्यापैकी काहींना ती ऐकून हसू येते, हे आम्ही पाहिले आहे. ‘ही कसली मराठी!’ असा अभिप्राय चटकन दिला जातो. हा अभिप्राय आणि बोल्गेरीच्या मद्यावरील तो सरकारी शिक्का यांत आम्हांस फरक दिसत नाही. नियमात बसत नाही म्हणून ‘साधे’ ठरविलेले ते मद्य मुळात साधे नव्हते. नियम त्याच्या मापाचा नव्हता, इतकेच. इटलीच्या कायद्याला ते कळावयास पंचवीस वर्षे लागली. आपल्या दूरच्या बांधवांच्या बोलीकडे पाहण्याची दृष्टी सुधारण्यास आपण त्याहून अधिक वेळ घेतला आहे.

आणि आता हा प्रश्न तंजावरपुरता उरलेला नाही. आमच्या मंडळाच्या मुलांची मराठी तरी कोठे पुण्याची आहे? पुरणासाठी मिळेल ती डाळ, आळूच्या जागी मिळेल तो पाला, कोकमाच्या जागी मिळेल ते आंबट, अशा रीतीने आपली स्वयंपाकघरे चालत आली आहेत. वडील माणसांना त्यात उणीव दिसते. मुलांना मात्र तीच आईच्या हातची चव आहे. त्या चवीला बिघडलेली म्हणून हिणविले, तर मुले ती सोडतील आणि तिच्याबरोबर भाषाही सोडतील, ही भीती आम्हांस अधिक खरी वाटते.

परंतु तंजावरचा दाखला केवळ दिलासा देत नाही. तो एक कामही सांगतो. ती वेल टिकली याचे एक कारण तिने माती स्वीकारली, हे खरेच. पण दुसरे कारण हे की, त्या घराने लिहून ठेवले. ‘भोजनकुतूहल’, पाकशास्त्र, मोडी रुमाल आणि देवळाच्या भिंतीवरील लेख नसते, तर आज आपल्या हाती कोकमाची एक दंतकथा तेवढी राहिली असती. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांचे कागद कोठे आहेत? पहिल्या पिढीतील आजींनी या मुलखात केलेल्या पहिल्या दिवाळीच्या फराळाची कृती कोणाच्या वहीत आहे? ज्या बोलीला आपण हसतो, तिचे शब्द कोणी टिपले आहेत काय? हे काम विद्यापीठाचे नव्हे, सरकारचेही नव्हे. ते घराचे आहे. यासाठी राजा असावे लागत नाही. एक वही पुरते.

मंडळाच्या शताब्दीच्या अंकासाठी कोणी इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा त्याला अशा वह्यांचा एखादा रुमाल मिळावा, एवढीच आमची इच्छा आहे. त्या दिवशीच्या पंगतीत आमटीला कोणती डाळ असेल आणि कोणते आंबट, हे आज सांगता येणार नाही. ती कोणाच्या घरातून आली हे मात्र तेव्हाच्या मुलांना वाचता यावे.